लॉइडने विमा कधी विकलाच नाही

जहाजांच्या विम्याशी ज्याचा दुरून जरी संबंध आला असेल, त्याने 'लॉइड्स' हे नाव ऐकलेलं असतं. लंडनचा हा विम्याचा बाजार आज उपग्रहांपासून तेलविहिरींपर्यंत कशाचीही जोखीम घेतो. पण ज्याच्या नावाने हे सगळं चालतं, तो एडवर्ड लॉइड ना विमेकरी होता, ना जहाजमालक, ना सावकार. त्याचं कॉफीचं दुकान होतं. लोक यायचे, कॉफी प्यायचे, हुज्जत घालायचे, सौदे करायचे आणि हा गल्ला सांभाळायचा. १७१३ साली तो वारला. तोवर विम्याच्या एकाही कागदावर त्याने जोखीम घेऊन सही केल्याचं कुठे दिसत नाही.

मग त्याचंच नाव का राहिलं? 'सागरी विमा कॉफीहाउसमध्ये जन्मला' हे वाक्य जागोजागी वाचायला मिळतं आणि ऐकायला छान वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे. विमा कॉफीपेक्षा कितीतरी जुना. कॉफीहाउसने विम्याला दिली ती बातमी, आणि माझ्या मते या धंद्यात पैशापेक्षा बातमीचंच मोल जास्त आहे. कसं, ते पाहू.

आधी काय होतं

सतराव्या शतकातला लंडनचा एखादा व्यापारी घ्या. त्याने कापड, लोखंडी सामान, काचेच्या वस्तू जहाजात भरून जमैकाला पाठवल्या, किंवा स्मर्नाला, म्हणजे तुर्कस्तानातल्या आजच्या इझमिरला. जहाज धक्का सोडून गेलं की पुढे कित्येक महिने ठावठिकाणा नाही. वादळ, खडक, आग, चाचे, शत्रूचं आरमार, कप्तानाचा दगा, काहीही होऊ शकतं. जहाज आलं तर घरावर नवं कौल चढणार, नाही आलं तर होतं तेही घर जाणार.

यावर माणसांनी फार पूर्वीपासून तोडगे काढले होते. सगळ्यात साधा म्हणजे माल चार जहाजांत वाटून पाठवायचा. दुसरा तोडगा ग्रीक आणि रोमन काळापासूनचा: प्रवासासाठी कर्ज काढायचं, पण अशा अटीवर की जहाज पोचलं तर मुद्दल आणि वर भरभक्कम व्याज, आणि बुडालं तर कर्जही बुडालं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर चालणारी जोखमी हुंडी याच जातीची. माल चढवणारा व्यापारी पलीकडच्या बंदरातल्या माल घेणाऱ्यावर हुंडी लिहायचा आणि ती पेढीवाल्याला थोड्या कमी किमतीत विकून रोख रक्कम मोकळी करून घ्यायचा. माल सुखरूप उतरला तर पेढीवाल्याला हुंडीचे पूर्ण पैसे मिळायचे. गलबत बुडालं तर त्याने हात चोळत बसायचं. कर्ज आणि विमा एकाच कागदात.

विमा कर्जापासून वेगळा झाला तो इटलीत. जिनोआमधलं १३४७ सालचं एक करारपत्र हा विम्याचा सर्वांत जुना ज्ञात कागद मानतात. इटालियन सावकारांनी ही पद्धत उत्तरेकडे नेली. लंडनमध्ये ते ज्या रस्त्यावर राहिले त्याला लोंबार्ड स्ट्रीट नाव पडलं. हा रस्ता पुढे पुन्हा भेटणार आहे. १५७० च्या दशकात लंडनच्या रॉयल एक्स्चेंजमध्ये विम्याचे कागद नोंदवण्याची कचेरी निघाली आणि १६०१ साली इंग्लंडच्या संसदेने विम्याच्या तंट्यांसाठी कायदाही केला. त्या कायद्याच्या प्रस्तावनेत म्हटलंय की विम्यामुळे तोटा थोड्यांच्या डोक्यावर धोंड होऊन पडण्याऐवजी पुष्कळांवर हलका वाटला जातो. त्यापेक्षा चांगली व्याख्या आजही सापडत नाही.

म्हणजे लंडनमध्ये पहिलं कॉफीहाउस निघालं तेव्हा विमा तिथे मुरलेला होता. अडचण होती ती माणसं गाठण्याची. एकटा माणूस अख्ख्या जहाजाची जोखीम घेत नसे, त्यामुळे दलालाला कागद घेऊन एका व्यापाऱ्याच्या कचेरीतून दुसऱ्याच्या कचेरीत पायपीट करावी लागे. आठ-दहा सह्या जमेपर्यंत दिवस जायचे आणि तोवर जहाज निघूनही जायचं.

एका पेनीत बैठक

१६५२ साली पास्क्वा रोझे नावाच्या माणसाने कॉर्नहिलजवळच्या सेंट मायकेल्स ॲली या बोळात लंडनचं पहिलं कॉफीहाउस उघडलं. तो तुर्कस्तानशी व्यापार करणाऱ्या एका इंग्रज व्यापाऱ्याचा नोकर होता. मालकाला तिकडे कॉफीची चटक लागली होती. जागा मोक्याची होती, रॉयल एक्स्चेंज हाकेच्या अंतरावर. पुढच्या काही वर्षांत शहरभर कॉफीहाउसं झाली. एक पेनी टेकवायची, कॉफी घ्यायची, शेकोटीजवळ बसायचं, टेबलावरची वर्तमानपत्रं वाचायची, पाइप ओढायचा. कुणी उठवत नसे. बायकांना मात्र गिऱ्हाईक म्हणून तिथे जागा नव्हती; काही दुकानांच्या मालकिणी आणि कॉफी देणाऱ्या बायकाच होत्या, ते वेगळं.

दारूच्या जागी कॉफी आली, डोकी शुद्धीवर राहिली आणि म्हणून व्यापार वाढला, असंही पुष्कळजण सांगतात. मला हे जरा जास्तच गोंडस वाटतं. इंग्रज व्यापारी कॉफीहाउसमधून उठून दारूच्या गुत्त्यात जातच होते. खरा फरक असा की कॉफीहाउस ही रोज, ठरल्या वेळी, ठरावीक माणसं हमखास सापडण्याची जागा होती. राजालाही त्याचीच भीती वाटली. लोक इथे बसून सरकारविरुद्ध कंड्या पिकवतात म्हणून दुसऱ्या चार्ल्सने डिसेंबर १६७५ मध्ये सगळी कॉफीहाउसं बंद करण्याचा हुकूम काढला. एवढी ओरड झाली की अंमल सुरू होण्याआधीच तो मागे घ्यावा लागला.

हळूहळू प्रत्येक धंद्याचं आपलं कॉफीहाउस ठरून गेलं. शेअरवाले जोनाथन्समध्ये जमायचे, त्यातूनच पुढे लंडनचा शेअर बाजार उभा राहिला. जेरुसलेम कॉफीहाउसमध्ये हिंदुस्थानच्या फेऱ्या करणारे कप्तान आणि ईस्ट इंडिया कंपनीशी व्यवहार असलेले व्यापारी बसत. आणि जहाजवाल्यांची बैठक लॉइडकडे.

लॉइडचं दुकान

लॉइडच्या दुकानाचा पहिला छापील उल्लेख १६८८ सालच्या 'लंडन गॅझेट'मधल्या एका जाहिरातीत आहे, आणि तिचा विमा-बिम्याशी काही संबंध नाही. डर्बीच्या एका गृहस्थाची पाच घड्याळं चोरीला गेली होती. कुणाला ठाऊक असल्यास टॉवर स्ट्रीटवरच्या एडवर्ड लॉइडच्या कॉफीहाउसमध्ये कळवावं, एक गिनी बक्षीस. या जाहिरातीतून एवढंच कळतं की निरोप ठेवावा अशी ही जागा तेव्हाच झाली होती. टॉवर स्ट्रीट थेम्सच्या धक्क्यांना लागून, कस्टम हाउस आणि आरमाराची कचेरीही जवळच. त्यामुळे कप्तान, खलाशी, जहाजांना सामान पुरवणारे, मालक अशा सगळ्यांचा राबता तिथे होता.

१६९१ च्या अखेरीस लॉइडने बाड-बिस्तरा उचलला आणि लोंबार्ड स्ट्रीटवर जागा घेतली. धक्क्यांपासून थोडं लांब जाऊन त्याने काय मिळवलं? एक तर आता शेजारी व्यापारी आणि सराफ होते. दुसरं असं की लंडनचं मुख्य टपाल कार्यालय याच रस्त्यावर होतं. बंदराबंदरांतली पत्रं आधी इथे उतरत. लॉइडने जागा निवडताना हा हिशेब केला होता की नाही, कोण जाणे, पण केला असेल तर त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात हुशारीचा सौदा.

गिऱ्हाइकांसाठी तो शाई, कागद आणि टाक ठेवायचा. भाषणाला असतो तसा एक उंच ओटा होता, त्यावर उभं राहून नोकर जहाजांच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याच ओट्यावरून जहाजांचे आणि मालाचे लिलाव व्हायचे, तेही मेणबत्तीवर. इंचभर मेणबत्ती पेटवायची, ती विझेपर्यंत बोली चालू आणि विझण्याआधीची शेवटची बोली पक्की. त्या काळी असे लिलाव लंडनमध्ये सर्रास चालत. सॅम्युअल पेपिस या आरमाराच्या अधिकाऱ्याने १६६२ मध्ये दुसऱ्या एका ठिकाणी असा लिलाव पाहिला होता. तिथला एक बेरकी माणूस नेमका शेवटच्या क्षणी बोलायचा. पेपिसने त्याला खोदून विचारलं तेव्हा त्याने गुपित सांगितलं: ज्योत विझायच्या बेतात असली की धूर वर जायचा तो खाली वळतो. धूर वळला की बोली टाकायची. लॉइडच्या दुकानात जी माणसं येत ती साधारण याच मुशीतली होती.

१६९६ मध्ये लॉइडने स्वतःचं पत्रकही काढून पाहिलं, 'लॉइड्स न्यूज', आठवड्यातून तीनदा. ते काही महिनेच टिकलं. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या कामकाजाबद्दल काहीतरी चुकीचं छापलं, वरून दटावणी आली आणि त्याने पत्रकच बंद केलं. पण बातम्या गोळा करणं सुटलं नाही. पुढे त्या कागदावर हाताने लिहून भिंतीला लावल्या जाऊ लागल्या.

चिठ्ठी

आता प्रत्यक्ष विमा कसा उतरवला जायचा ते जवळून पाहू, कारण सगळी गंमत इथेच आहे.

व्यापारी दलालाकडे जातो. दलाल एका चिठ्ठीवर जहाजाचं नाव, कप्तानाचं नाव, कुठून कुठे जाणार, काय माल, किती रकमेचा विमा हे लिहितो आणि कॉफीहाउसमध्ये शिरतो. टेबलांवर विमेकरी बसलेले आहेत. ही कुठल्या कंपनीची माणसं नाहीत. प्रत्येकजण आपापला व्यापारी, स्वतःच्या पैशाने जोखीम घेणारा. दलाल सरळ अशा माणसाकडे जातो की ज्याला त्या मार्गाची चांगली माहिती आहे आणि ज्याच्या अकलेवर बाकीच्यांचा भरवसा आहे. तो दोन-चार प्रश्न विचारतो. कप्तान कोण? मागच्या खेपेला जहाजात पाणी शिरलं होतं ते हेच का? सोबत आरमाराचं संरक्षण आहे? मग तो दर सांगतो आणि चिठ्ठीवर आपली रक्कम टाकून सही करतो. दलाल पुढच्या टेबलाकडे वळतो. पहिल्या सहीचं वजन असलं की पुढच्या सह्या पटापट पडतात, एकाखाली एक, ठरलेली रक्कम भरेपर्यंत. प्रत्येकजण फक्त आपल्या हिश्शाला जबाबदार. शेजाऱ्याने हात वर केले तर ते याच्या गळ्यात येत नाही. मात्र स्वतःच्या हिश्शासाठी घरदार विकावं लागलं तरी विकायचं. पाय आखडते घ्यायची सोय नाही.

आकडे घालून बघा. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. माल ६,००० पौंडांचा, विम्याचा दर ५ टक्के. म्हणजे व्यापाऱ्याने हप्ता भरला ३०० पौंड. बाराजणांनी ५००-५०० ची जोखीम वाटून घेतली, तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ पौंड आले. या बारांतल्या एकाने वर्षभरात अशाच ४० जहाजांवर सह्या केल्या. जमा झाले १,००० पौंड. ४० पैकी एक जहाज बुडालं तर ५०० गेले, ५०० राहिले. दोन बुडाली तर हाती काही नाही. तीन बुडाली तर ५०० पदरचे गेले.

चाळीसात एक आणि चाळीसात तीन, एवढ्याशा फरकावर माणूस श्रीमंत होतो किंवा रस्त्यावर येतो. हा फरक आधी ओळखायचा कसा? कुठला कप्तान बेवडा आहे, कुठल्या जहाजाच्या फळ्या कुजल्यात, फ्रेंच खासगी लुटारू जहाजं सध्या कुठे दबा धरून बसलीत, युद्ध भडकणार की तह होणार, हे कळल्यावर. आणि हे सगळं जिथे दुपारपर्यंत कळतं अशी जागा शहरात एकच.

बातमीचा भाव

विम्याच्या जुन्या कागदांत एक चमत्कारिक वाटणारी अट असायची: जहाज 'बुडालेलं असो वा नसो', विमा लागू. म्हणजे सही होत असताना जहाज आधीच समुद्राच्या तळाशी गेलेलं असलं तरी, दोघांपैकी कुणालाही ते ठाऊक नसेल तर करार पक्का. त्या काळात ही अट गरजेचीच होती. जहाज तीन महिन्यांपूर्वी निघालंय आणि मालकाला आज विमा उतरवायचाय, अशी प्रकरणं रोजची. पण मग ज्याला बातमी आधी कळते त्याच्या हातात काय सत्ता येते पाहा. मालकाला आधी कळलं तर तो धावत येऊन बुडालेल्या जहाजाचा विमा उतरवणार. विमेकऱ्याला सुखरूप पोचल्याचं आधी कळलं तर तो काहीच जोखीम न घेता हप्ता खिशात घालणार. यावर एकच उतारा, तो म्हणजे बातमी सगळ्यांना एकाच वेळी, एकाच खोलीत कळली पाहिजे. ओट्यावरून मोठ्याने वाचलेली बातमी नेमकी तेच करायची.

लॉइड गेल्यावर दुकान त्याच्या मुलीकडून जावयाकडे गेलं. जावई दुकानातलाच मुख्य वेटर होता. पुढच्या मालकांनी बातमीचं जाळं पसरवलं. बंदराबंदरांतून माणसं येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांची पत्रं पाठवायची. पत्रावर पत्ता पोस्टमास्तर जनरलचा, पण कोपऱ्यात 'लॉइड्स' असं लिहिलेलं. टपाल कार्यालयात ती पत्रं बाजूला काढून लगेच दुकानात पोचती होत. १७३४ पासून 'लॉइड्स लिस्ट' छापून निघू लागली. ती आजही निघते, फक्त २०१३ पासून कागदावर नाही. नोव्हेंबर १७३९ मध्ये इंग्रज आरमाराने मध्य अमेरिकेतलं पोर्तो बेलो हे स्पॅनिश बंदर जिंकलं. १७४० साली पंतप्रधान वॉलपोल यांना ही बातमी नेऊन कुणी दिली? लॉइड्स कॉफीहाउसचे तेव्हाचे मालक रिचर्ड बेकर यांनी. सरकारच्या आधी कॉफीवाल्याला कळलं होतं.

जहाजाच्या तब्येतीचीही बातमी लागायची. १७६० मध्ये गिऱ्हाइकांनीच एक मंडळ काढून जहाजांची तपासणी करून वर्गवारी छापायला सुरुवात केली. जहाजाच्या सांगाड्याला इंग्रजी स्वरांनी ए, ई, आय, ओ, यू असे दर्जे आणि सामग्रीला चांगली, मध्यम, वाईट. पुढे सामग्रीसाठी आकडे आले आणि सर्वोत्तम जहाजाला 'ए-वन' म्हणू लागले. आपण गाडीला, आंब्याला आणि नाटकाला जे 'ए-वन' म्हणतो ते मूळचं या यादीतलं.

अर्थात बातमी असूनही माणूस बुडतो. वर मांडलेलं चाळीस जहाजांचं गणित एका गृहीतकावर उभं आहे, की प्रत्येक जहाजाचं नशीब वेगळं. युद्धाच्या काळात जहाजं संरक्षणासाठी तांड्याने जायची आणि मग सगळ्यांचं नशीब एकत्र बांधलं जायचं. जून १६९३ मध्ये स्मर्नाकडे निघालेला सुमारे ४०० इंग्रज-डच जहाजांचा तांडा पोर्तुगालच्या लागोसजवळ फ्रेंच आरमाराने गाठला आणि तांड्यातली नव्वदच्या आसपास जहाजं गेली. लंडनमधले कितीतरी विमेकरी त्या एका बातमीने झोपले. ऑगस्ट १७८० मध्ये स्पॅनिश-फ्रेंच आरमाराने ६३ पैकी ५५ इंग्रज व्यापारी जहाजं एका दिवसात धरली. त्यांत ईस्ट इंडिया कंपनीची पाच होती.

संसदेने केलेलं न मागता भलं

१७२० मध्ये काय झालं ते या गोष्टीतलं मला सर्वांत आवडणारं वळण. मोठ्या भांडवलाच्या दोन कंपन्या, रॉयल एक्स्चेंज अश्युरन्स आणि लंडन अश्युरन्स, सागरी विम्याचा मक्ता मागत होत्या. राजा कर्जात होता. दोघींनी त्याला प्रत्येकी ३ लाख पौंड देऊ केले आणि मक्ता मिळाला. कायदा म्हणाला की या दोन कंपन्यांखेरीज दुसरी कुठलीही कंपनी किंवा भागीदारी सागरी विमा करणार नाही.

कंपनी किंवा भागीदारी. एकट्या-दुकट्या माणसाबद्दल चकार शब्द नाही. कॉफीहाउसमध्ये बसणारे सगळे एकटे-दुकटेच होते. दोन हत्तींना रान मोकळं करून द्यायला निघालेल्या कायद्याने प्रत्यक्षात मधल्या सगळ्या स्पर्धकांना बाहेर ठेवलं आणि लॉइडच्या टेबलांभोवती कुंपण घालून दिलं. दोन्ही कंपन्या त्याच वर्षी शेअरच्या फुग्यात पोळल्या, सागरी जोखमीला बिचकू लागल्या आणि आगीच्या आणि आयुष्याच्या विम्याकडे जास्त वळल्या. हा मक्ता १८२४ पर्यंत चालला. एवढ्या काळात टेबलावरच्या माणसांनी बाजार खिशात घातला.

पण टेबलावर सगळे सज्जन नव्हते. विमा आणि सट्टा यांच्यात एकच भिंत असते, ती म्हणजे विमा उतरवणाऱ्याचा त्या वस्तूत स्वतःचा काही पैसा अडकलेला हवा. ती भिंत पाडून लोक भलत्याच जहाजांवर 'विमा' घेऊ लागले. आपलं जहाज नाही, माल नाही, पण बुडालं तर पैसे मिळणार. असल्या माणसाला जहाज बुडण्यातच रस. ऑगस्ट १७४६ पासून संसदेने असे करार रद्दबातल ठरवले. तरी आजारी सरदार जगेल की मरेल यावर आकडे लागतच राहिले. १७७० च्या दशकात शेवालिए देओं हा फ्रेंच मुत्सद्दी पुरुष आहे की स्त्री यावर लंडनमध्ये विम्याच्या कागदांवर हजारो पौंड लागले होते.

याला वैतागून धंदेवाईक मंडळी १७६९ मध्ये उठली आणि थॉमस फील्डिंग नावाच्या वेटरला पुढे करून पोप्स हेड ॲलीमध्ये 'न्यू लॉइड्स' उघडलं. जागा लहान पडली. १७७१ मध्ये ७९ जणांनी प्रत्येकी १०० पौंड काढले, समिती नेमली, आणि १७७४ मध्ये सगळे रॉयल एक्स्चेंजमधल्या खोल्यांत गेले. तिथून पुढे मालकी कॉफीवाल्याची राहिली नाही, गिऱ्हाइकांची झाली. नाव लॉइडचंच. आजही लॉइड्समधल्या गणवेशातल्या कर्मचाऱ्यांना वेटर म्हणतात आणि विमेकरी जिथे बसतात ती मेजं-बाकं 'बॉक्स' म्हणून ओळखली जातात.

किल्ल्याचा विमा

बाजाराचे रिवाज कायद्यात आणले ते न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी. ते व्यापाऱ्यांनाच ज्युरीत बसवत आणि धंद्यात काय चालतं ते त्यांच्याकडून समजून घेत. १७६६ चा 'कार्टर विरुद्ध बोम' हा त्यांचा निकाल विमा शिकणाऱ्या प्रत्येकाला अजून वाचावा लागतो.

जॉर्ज कार्टर हा सुमात्रावरच्या फोर्ट मार्लबरो या ईस्ट इंडिया कंपनीच्या ठाण्याचा गव्हर्नर. युरोपातल्या कुठल्या शत्रूने ठाणं घेतलं तर आपलं नुकसान भरून मिळावं म्हणून त्याने लंडनमधल्या भावामार्फत विमा उतरवला. मे १७६० मध्ये सही झाली. पण फ्रेंचांनी ठाणं त्याआधीच घेतलं होतं. लंडनला अजून पत्ताच नव्हता. पैसे मागितल्यावर बोम या विमेकऱ्याने हात झटकले: किल्ला कमकुवत आहे आणि फ्रेंच येण्याची शक्यता आहे, हे गव्हर्नरने आमच्यापासून लपवलं.

मॅन्सफील्ड यांनी तत्त्व असं मांडलं की विम्यात जोखमीची बरीचशी माहिती विमा उतरवणाऱ्याकडेच असते, त्यामुळे त्याने ती प्रामाणिकपणे उघड केली पाहिजे. पण तोच नियम विमेकऱ्यालाही लागू. जे त्याला ठाऊक आहे किंवा ठाऊक असायला हवं, ते सांगितलं नाही म्हणून त्याला नंतर रडता येणार नाही. फ्रेंच आरमार पूर्वेकडे काय करू शकतं याचा अंदाज सुमात्रातल्या गव्हर्नरपेक्षा लंडनमध्ये बसलेल्या विमेकऱ्याला जास्त होता. त्याने डोळे उघडे ठेवून हप्ता घेतला होता. निकाल कार्टरच्या बाजूने लागला.

याच बाजाराने गुलामांच्या व्यापाराचीही जोखीम घेतली, हे वगळून ही गोष्ट सांगणं खोटेपणाचं होईल. आफ्रिकेतून माणसं भरून कॅरिबियनला जाणाऱ्या जहाजांचे विमे लंडनमध्ये उतरत, आणि कागदावर ती माणसं 'माल' असत. १७८१ मध्ये झाँग या जहाजावरून १३० हून अधिक आफ्रिकी माणसं समुद्रात फेकण्यात आली आणि मालकांनी त्यांची विम्याची भरपाई मागितली. लिव्हरपूलच्या मालकांचं ते प्रकरण १७८३ मध्ये याच मॅन्सफील्ड यांच्यापुढे आलं, आणि ते खुनाचा खटला म्हणून नव्हे, विम्याचा तंटा म्हणून. लॉइड्सने या व्यापारातल्या आपल्या भूमिकेबद्दल २०२० मध्ये जाहीर माफी मागितली.

आपल्याकडे

मॅन्सफील्ड यांनी घडवलेले नियम ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्यात गेले आणि भारताचा १९६३ चा सागरी विमा कायदा बराचसा त्याच्यावर बेतलेला आहे. परम सद्भावाचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी काही न लपवण्याचं, तत्त्व त्यात आहे, सट्ट्याचे करार बाद आहेत. मुंबईत १९१९ मध्ये दोराबजी टाटांनी न्यू इंडिया अश्युरन्स काढली. आज तिच्यासारख्या कंपन्याही आपल्या मोठ्या जोखमीचा काही भाग पुनर्विम्याने, म्हणजे दुसऱ्या विमेकऱ्यांकडे त्याचा विमा उतरवून, बाहेर वाटून टाकतात. चिठ्ठीवर एकाखाली एक सह्या घेण्याचं तेच तर्कशास्त्र, फक्त आता एका टेबलाच्या जागी देश आलेत.

आणि बातमीचा भाव? नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. डिसेंबरमध्ये लंडनच्या बाजारातल्या विमेकऱ्यांच्या संयुक्त युद्ध समितीने धोक्याच्या पाण्याची हद्द उत्तरेकडे सरकवली. जहाजाच्या किमतीच्या एक दशांश टक्क्याच्याही खाली असलेला युद्धजोखमीचा दर काही आठवड्यांत अर्ध्या टक्क्याच्या वर चढला. मोठ्या जहाजासाठी हा एका फेरीचा फरक कोट्यवधी रुपयांत जातो. न्हावा शेवाहून युरोपला जाणारी बरीच जहाजं मग केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, आणि निर्यातदारांना दोन-दोन आठवडे जास्तीचे धरावे लागले. जे तरीही लाल समुद्रातून जायचं ठरवत होते, त्यांना विमेकरी दर सांगायचे तो एक-दोन दिवसांपुरताच. त्यात सौदा पक्का झाला नाही तर ताजी खबर घेऊन पुन्हा नव्याने विचारायचं.